परभणीचं ऊन आणि सहा तारा

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. पत्र्याची खोली, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली गिटार.)

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढं जातो, आणि डिसेंबरात पहाटे दोन गोधड्या कमी पडतात. माणूस हे सोसतो. लाकूड मात्र आकसतं आणि फुगतं.

माझी पहिली गिटार मी अशाच पत्र्याखाली, कपाटावर ठेवली होती. एका उन्हाळ्यात तिच्या पोटाला, म्हणजे पुढच्या फळीला, केसाएवढी चीर गेली. त्याआधी महिनाभर तिच्या तारा खरखरत होत्या. ती खरखर काय सांगत होती, हे तेव्हा मला कुणी समजावलं असतं तर ती आज वाजत असती.

(दृश्य: दुरुस्तीचं दुकान. खुंटीला तबल्याची वादी, टेबलावर उघडलेली पेटी.)

हे काका पेटी, तबला, तंबोरा दुरुस्त करतात. अलीकडं गिटारीही येतात. आज कृषी विद्यापीठात शिकणारी एक मुलगी आलीय.

“काका, लई खरखरती. नवीनच घ्यावी म्हणते.”

“थांब गं पोरी. आधी कुठं खरखरती ते तर ऐकू दे.”

आणि ते खरंच नुसतं ऐकतात. एकेक तार, एकेक फ्रेट, म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी. मोकळी, म्हणजे बोट न दाबता छेडलेली तारच खरखरली, तर नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच खोल गेलेली असते. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर खरखरली, तर मान फार सरळ झालेली असते. एकाच जागी खरखरली, तर पुढचा फ्रेट वर आलेला असतो. आणि वरच्या बाजूला, सातव्या-आठव्या फ्रेटनंतर सगळीकडंच खरखरली, तर सॅडल, म्हणजे पोटावरच्या ब्रिजमधली तारा टेकणारी पट्टी, खाली बसलेलं असतं. कधी कधी तारांचा काही दोषच नसतो. खुंटी आवळणारा पेचाचा नटच सैल होऊन थरथरत असतो, आणि तो पान्यानं आवळला की काम संपतं.

या गिटारीत दोन दुखणी निघाली. दुसरी तार मोकळी वाजवली की झणझणते, आणि जाड तारा वरच्या फ्रेटांवर खरखरतात. काकांनी पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चाप, लावला, जाड तार चौदाव्या फ्रेटवर दाबली आणि मधल्या फटीत व्हिजिटिंग कार्ड घातलं. कार्ड जेमतेम सरकलं. म्हणजे मान ठीक आहे, मानेतल्या सळईला, ट्रस रॉडला, हात लावायची गरज नाही. मग त्यांनी मुलीचा अंगठा मानेच्या कडेवरून फिरवला. फ्रेटांची टोकं टोचली. लाकूड वाळून आकसलं, धातू तेवढाच राहिला. वाळलं की गिटारीचं पोटही खाली बसतं, त्याबरोबर ब्रिज उतरतो आणि तारा फ्रेटांना टेकतात.

म्हणून पहिला उपाय पाण्याचा. भोकं पाडलेली साबणाची डबी, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, आणि बंद केसमध्ये आठवडाभर गिटार. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की लाकूड सुखात असतं. आठवड्यानं बाराव्या फ्रेटवर जाड तारेखालची फट दीड मिलिमीटरची दोन झाली. लागते अडीच.

(दृश्य: काकांच्या हातात हाडाची पांढरी पट्टी.)

हे हाडाचं नवं सॅडल. जुनं प्लॅस्टिकचं, खाचेत ढिलं आणि पुढं कललेलं. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथं अर्धा मिलिमीटर हवा असेल तर सॅडल एक मिलिमीटर उंच लागतं. काका काचेवर सँडपेपर पसरतात आणि पट्टीचा तळ घासतात. हाडाचा उग्र वास सुटतो, तोंडाला रुमाल बांधलेला असतो. दर दहा-बारा घासांनी पट्टी उजेडासमोर धरून पाहतात. तळाशी उजेड दिसला, तर तेवढी जागा ब्रिजला टेकत नाही, आणि तेवढा आवाज वाया जातो.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते यानंतरचं काम. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, हेच काका लावतात. तिथं घोडी, म्हणजे तारांखालचा ब्रिज, रुंद असते, तिचा उतार असा काढायचा की तार तिला घासत-घासत सुटावी. वर तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, त्याला जीव म्हणतात. तो झंकार हाच तंबोऱ्याचा प्राण. गिटारीला नेमकं उलटं लागतं. तार सॅडलच्या एकाच बिंदूवरून, स्वच्छ सुटली पाहिजे. माथा थोडा जरी सपाट राहिला तरी जवारी बोलू लागते. एका वाद्यात जी करणी, ती दुसऱ्यात खोड, आणि दोन्ही त्याच बोटांना ठाऊक.

नटही हाडाचा बसवला. खुंट्या तशाच ठेवल्या. १८ला १ गिअरच्या (खुंटी अठरा वेळा फिरवली की तारेचा दांडा एकदा फिरतो) खुंट्यांनी सूर लावणं सोपं होतं, आवाजात मात्र फारसा फरक पडत नाही. तारा ब्रिजमध्ये अडकवणाऱ्या पितळी पिनांचंही तसंच, पैसे उरले तरच. तारा मात्र नव्या घातल्या, फॉस्फर ब्राँझच्या, १२ गेज जाडीच्या. जाड तार ताणात राहते, कमी फेकली जाते. आणि पिन दाबताना तारेचा मणी वर ओढून आतल्या पट्टीला टेकवायचा. तो पिनेच्या टोकावर अडकला, तर पिन उसळते.

(दृश्य: मुलगी जाड तार छेडते. खोलीत बराच वेळ नाद.)

या गिटारीचं पोट प्लायचं आहे. हाडानं ते अखंड लाकडाचं होत नाही. पण जेवढा आवाज त्यात होता, तेवढा आता बाहेर येतोय.

काकांनी त्याच हाडातून आणखी एक पट्टी घासून ठेवलीय, थोडी बुटकी. पावसाळ्यात पोट फुगेल, तारा वर जातील, तेव्हा ती लागेल. ती कागदी पाकिटात घालून त्यांनी वर पेन्सिलीनं लिहिलं, ‘पावसाळा’.

“मृग लागून पंधरा दिवस झाले की घेऊन ये. हे पाकीट विसरू नको.”