हार्ड डिस्क उघडत नाही? आधी 'फॉरमॅट'वरचं बोट उचला

नमस्कार मंडळी.

ही हार्ड डिस्क बघा. एक टीबीची, काळी, एका कोपऱ्यावर घासलेली. माझ्या आत्याची आहे. हिच्यात आमच्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आजी होती तेव्हा आत्यानं मोबाइलवर रेकॉर्ड केल्या, पुढे मोबाइल बदलला, रेकॉर्डिंग या डिस्कवर आलं आणि दुसरी प्रत कुठेच राहिली नाही.

मागच्या पावसाळ्यात आत्याचा फोन आला. "अरे, डिस्क लावली की लॅपटॉप म्हणतोय फॉरमॅट करा. करू का?" मी म्हटलं, "आत्या, थांब. कॅन्सल दाब, वायर काढून ठेव, मी रविवारी येतो."

त्या रविवारी काय केलं तेच आज दाखवतो. तुमच्यासमोरही तोच मेसेज असेल, 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क', तर एवढं पक्कं धरा की तुमच्या फाइली बहुतेक वेळा अजून जागेवरच असतात. सातबाऱ्याचं रजिस्टर पावसात भिजलं म्हणून जमीन वाहून जात नाही, तसंच हे. कुठली फाइल कुठे आहे याची नोंद विंडोजला वाचता येत नाहीये, म्हणून ते म्हणतंय की नवं कोरं रजिस्टर घालतो. क्विक फॉरमॅट, म्हणजे नुसतं रजिस्टर नवं करणं, झालं तरी फाइली परत मिळायची थोडी आशा असते. पण व्हिस्टापासून पुढच्या कुठल्याही विंडोजमध्ये 'क्विक'ची खूण काढून फॉरमॅट केलंत, तर सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. मग कुणाच्याच हातात काही राहत नाही.

आता डिस्क कानाशी धरा. खरंच धरा. (डिस्क कानाजवळ) वायर जोडल्यावर हलकी घरघर आली पाहिजे. ती आत चकती फिरल्याची. अशा छोट्या डिस्कची चकती साधारणपणे मिनिटाला 5400 फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. आपल्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट असते. ठरावीक तालात टक, टक, टक असा आवाज येत असेल, तर ते हेड वाचायला जातंय, वाचता येत नाही, पुन्हा मागे येतंय. बीप बीप येत असेल, तर बऱ्याचदा चकती अडकलेली असते नाहीतर वीज पुरत नसते. बीप आली तर केबल आणि पोर्ट एकदा बदलून बघा. टकटक असेल तर एकदाही नको, लगेच वायर काढा. पुन्हा पुन्हा लावून बघण्यातच उरलेला डेटा खरवडला जातो. फ्रीजरमध्ये ठेवायचा एक उपाय फिरतोय, तो करू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. आणि स्क्रू खोलून झाकण तर उघडूच नका. धुळीचा एक कण त्या हेडपुढे धोंड्याएवढा असतो. अशी डिस्क खास धूळमुक्त खोलीत उघडणाऱ्या रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची. खर्च मोठा येतो, म्हणून आधी आकडा विचारा, आणि डेटा मिळाला नाही तर किती पैसे घेणार तेही विचारा.

आत्याच्या डिस्कमधून आवाज नीट येत होता, पण लाइट मध्येच विझायचा. ही पिन बघा. (केबल कॅमेऱ्यासमोर) रुंद, चपटी, मधे खाच असलेली. यूएसबी 3 च्या बऱ्याच डिस्कला ही असते आणि हीच सगळ्यात आधी ढिली होते. मी वायर जरा हलवली, लाइट गेला. दुसरी केबल लावली, स्थिर. या डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, सगळी वीज यूएसबीतूनच येते. जुन्या यूएसबी 2 पोर्टनं 500 मिलीअँपिअर द्यायचे, यूएसबी 3 नं 900, आणि चकती सुरू होताना डिस्क नेहमीपेक्षा जास्त ओढते. म्हणून हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) नको, लांब एक्स्टेंशन नको. डेस्कटॉप असेल तर पुढच्या नाही, मागच्या पोर्टमध्ये लावा, तो थेट मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटवर, असतो. दुरुस्तीला आलेल्या डिस्कमध्ये निव्वळ केबलनं बऱ्या झालेल्या मी इतक्या बघितल्यात, की केबल न बदलता पुढे जायचंच नाही असा माझा नियम आहे.

केबल बदलली तरी फॉरमॅटचा मेसेज होताच. मग विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबून आलेल्या यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडलं. इथे डिस्क दिसतच नसेल तर केबल, पोर्ट किंवा डिस्कचं सर्किट, यांतलं काहीतरी. दिसतेय, 'हेल्दी' आहे, पण पुढे डी, ई असं अक्षरच नाही, तर राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या, काम झालं. 'नॉट इनिशियलाइज्ड' म्हणत असेल तर ओके दाबू नका, तेही नवं रजिस्टरच आहे. आणि मॅकवर वापरलेली डिस्क असेल तर तिच्यात काहीच बिघडलेलं नसेल, विंडोजला ती भाषा वाचता येत नाही एवढंच. मॅकला लावून बघा.

आत्याच्या डिस्कपुढे लिहिलं होतं 'रॉ'. म्हणजे पार्टिशन, डिस्कवर आखलेला भाग, आहे, पण आतली फाइल सिस्टिम, म्हणजे तेच रजिस्टर, ओळखू येत नाही. विचारल्यावर आत्या म्हणाली, फोटो कॉपी होत असताना लाइट गेले, तिनं घाबरून डिस्क ओढून काढली. रजिस्टर लिहितानाच हात हलला.

इथे बहुतेक लोक सीएचकेडीस्क, म्हणजे विंडोजची डिस्क दुरुस्तीची कमांड, चालवतात. मी थांबवेन. दुरुस्तीला लावलं की ते डिस्कवर लिहितं, आणि त्याचं लक्ष फाइल सिस्टिम सरळ करण्यावर असतं, तुमच्या फाइली जपण्यावर नाही. तुटके तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकून मोकळं होतं. आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा त्यासाठीचा प्रोग्राम फुकट आहे. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर' ही ओळ शोधा, म्हणजे वाचायला अडखळणाऱ्या जागा. ही ओळ आमच्याकडे पिवळी होती. म्हणजे डिस्कही थकली होती, आता तिच्यावर प्रयोग करायचे नव्हते.

म्हणून आधी अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली. पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट सिस्टिम) चालू केलं आणि डीडीरेस्क्यू हे साधन वापरलं. ते चांगल्या जागा आधी उचलतं, खराब जागा बाजूला ठेवून नंतर त्यांच्याकडे वळतं, आणि कमांडमध्ये नोंदीच्या फाइलचं नाव दिलं तर कुठपर्यंत आलो ते तिच्यात लिहून ठेवतं, म्हणजे लाइट गेले तरी तिथूनच पुढे. कमांड लिहिताना पहिलं नाव जिथून घ्यायचं त्या डिस्कचं, दुसरं जिथे ठेवायचं तिचं. मी ती दोन नावं मोठ्यानं वाचली, आत्यालाही वाचायला लावली, मगच एंटर दाबलं. उलटं झालं असतं तर ओव्या गेल्या असत्या. धडधाकट डिस्क सेकंदाला शंभर एमबीनं वाचली तर एक टीबीला तीनेक तास लागतात. आमचं सोमवारी सकाळी संपलं.

पुढचं सगळं त्या प्रतीवर. टेस्टडिस्क हा फुकट प्रोग्राम, काळ्या पडद्याचा, माउस चालत नाही, बाणांनी फिरायचं. ॲनालाइज, मग क्विक सर्च. पार्टिशन सापडलं की पी दाबायचं, फाइलींची यादी येते. यादीत फोल्डरचं नाव दिसलं, 'आई ओव्या'. सी दाबून फाइली दुसरीकडे कॉपी करायच्या. यादी आलीच नसती तर त्याच्याच जोडीचा फोटोरेक वापरला असता. तोही फाइली काढतो, पण नावं जातात आणि हजारो फाइली एकेक ऐकत बसावं लागतं.

'ॲक्सेस इज डिनाइड' असा मेसेज येत असेल तर गोष्ट वेगळी आणि सोपी. डिस्क बऱ्याचदा ठणठणीत असते, फक्त परवानगी जुन्या कॉम्प्युटरच्या युजरच्या नावावर असते. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, तिथे मालक बदला. पण डिस्क मधेच गायब होत असेल तर आधी केबल.

ओव्यांच्या एकवीस फाइली होत्या, वीस नीट निघाल्या. एक मधेच तुटते, खराब जागा तिच्याच वाट्याला आली होती. आत्यानं तीच पहिली लावली. आता त्या तिच्या लॅपटॉपवर आहेत, माझ्याकडे आहेत, आणि एक पेनड्राइव्ह नाशिकला काकांकडे आहे. ही डिस्क आम्ही पुन्हा वापरली नाही.