अंगणवाडीच्या अंगणातलं शिसं

नमस्कार श्रोतेहो. अंगणवाडीच्या किंवा पाळणाघराच्या मातीत शिसं, म्हणजे तो विषारी धातू, आहे का, हे शोधायचं तर आधी भिंतीकडे बघा. जुन्या नाशकातल्या वाड्यात बालवाडी भरत असेल, तर दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटचे पोपडे खालीच पडतात. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आली ती २०१७च्या नोव्हेंबरात. मुंबई-आग्रा रस्त्यालगत जुन्या पेट्रोलचं शिसंही असू शकतं. ते शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण शिसं कुजत नाही, वरच्या थरातच बसून राहतं.

नमुना घेताना शेतासारखं वीतभर खणू नका. मुलांच्या बोटांना लागते ती वरची दोन-अडीच सेंटिमीटर माती हवी. पागोळ्या पडतात ती भिंतीलगतची पट्टी एक, घसरगुंडीभोवतीची उघडी जागा दुसरी. प्रत्येकीतून आठ-दहा ठिकाणची माती प्लॅस्टिकच्या घमेल्यात मिसळा, पाव किलो पिशवीत भरा. दोन्ही पट्ट्या एकत्र केल्या, तर भिंतीजवळचा मोठा आकडा झाकला जातो.

नेहमीच्या माती परीक्षणाचा इथे उपयोग नाही. मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ बाबींत शिसं नाहीच. जड धातू मोजणाऱ्या प्रयोगशाळेत ‘एकूण शिसं’ मागा. पिकाला ‘उपलब्ध’ शिसं मोजलं, तर आकडा फसवा, कमी येतो.

अमेरिकेने २०२४ मध्ये राहत्या जागेच्या मातीतल्या शिशाची, पुढची तपासणी करावी अशी पातळी किलोमागे ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली. कॅलिफोर्निया तर ८० धरतं. लहान मुलं पोटात गेलेल्या शिशापैकी निम्म्यापर्यंत शोषतात, त्यामुळे आम्हाला ८० च बरी वाटते.

आकडा जास्त आला, तर उघडी माती झाका. जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवणारं आणि पाणी झिरपू देणारं कापड, वर १५ सेंटिमीटर तपासलेली माती, त्यावर हरळी. नुसता मुरूम टाकून सुटका नाही. पावसात वाहतो आणि जुनी माती उघडी पडते. भिंतीलगत दाट झुडपं लावा, म्हणजे मुलं तिथे खेळणार नाहीत. रंग कोरडा घासू नका, जाळू तर मुळीच नका. ओला करून खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा. परसबाग बाहेरच्या चांगल्या मातीच्या वाफ्यात करा. खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. आहाराआधी हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने शिसं निघत नाही.

मुलांचं रक्त तपासायचं ठरलं, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून नमुना शिरेतून घ्या. बोट टोचून घेतला, तर कातडीवरची धूळ त्यात मिसळते.