डायनासोर गेले, मग जेवायला काय होतं?

डायनासोर कसे मेले हे हल्ली पहिली-दुसरीतलं पोरगंही सांगतं, आकाशातून मोठा दगड पडला आणि संपलं सगळं. पण पुढे? म्हणजे दगड पडला, आग लागली, अंधार झाला, आणि त्यातून जे कोणी जिवंत राहिले त्यांनी दुसऱ्या दिवशी खाल्लं काय? मला लहानपणापासून हाच प्रश्न पडायचा आणि कुठेच कोणी नीट सांगायचं नाही, सगळ्यांची गोष्ट टी-रेक्स आडवा झाला की संपते. तर आज आपण तिथूनच सुरू करूया.

काळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, जागा मेक्सिकोतला युकातान भाग. १० ते १२ किलोमीटर रुंदीचा लघुग्रह येऊन आदळला आणि १८० किलोमीटरच्या आसपास रुंद खड्डा पडला, मुंबईहून रस्त्याने नाशिकला जाताना जेवढं अंतर पडतं त्याहूनही जास्त. हा चिक्षुलुबचा खड्डा आज वरून दिसत नाही, अर्धा समुद्राखाली आणि अर्धा जमिनीखाली गाडला गेलाय. त्यात नशीब असं की तिथल्या खडकात जिप्सम भरपूर होतं, ज्याचं प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं तेच, आणि जिप्सममध्ये असतो गंधक. तो सगळा वर उडाला, सोबत जळलेल्या जंगलांची काजळी, बारीक धूळ, आणि सूर्यप्रकाश अडला. एकदोन दिवस नाही, कित्येक महिने. आता ऊन नाही म्हटल्यावर झाडं अन्न कसं बनवणार? झाडं गेली की पाला खाणारे गेले, ते गेले की त्यांना खाणारे गेले. पृथ्वीवरच्या दर चार जातींपैकी साधारण तीन संपल्या. म्हणजे दगड डोक्यात पडून मेलेले कमी आणि उपासमारीने मेलेले जास्त, हे आपण नेहमी विसरतो.

मग वाचलं कोण? ज्यांना ताजं हिरवं लागत नव्हतं ते. जमिनीत पडलेलं बी, सडलेलं लाकूड, त्यातल्या अळ्या, किडे, गांडुळं. चोचीने बिया फोडून खाणारे काही पक्षी वाचले (पक्षी हे डायनासोरचेच वंशज, त्यामुळे सगळे डायनासोर गेले असं म्हणणंही तसं अर्धवटच). नदी-तळ्यातली कासवं आणि मगरी वाचल्या, कारण पाण्यात कुजलेला पालापाचोळा वाहून येत होता, त्यावर किडे, किड्यांवर मासे, आणि मगर तर तशीही महिनोन्महिने न खाता राहू शकते. आणि बिळात राहणारे, रात्री फिरणारे, मिळेल ते तोंडात टाकणारे छोटे सस्तन प्राणी वाचले. सगळी पृथ्वी शिळ्यापाक्यावर जगत होती.

न्यूझीलंडमध्ये दगड पडला त्या वेळच्या जमिनीच्या थरात काय सापडलं माहितीये? बुरशीचे बीजाणूच बीजाणू. झाडांचे परागकण जवळजवळ गायब. एका पातळ थरात अख्ख्या जंगलाचं मरण आणि त्यावर वाढलेली बुरशी, दोन्ही दिसतं. त्याच्या वर येतात नेचे. हो, तेच नेचे जे आपल्याकडे पहिला पाऊस झाला की जुन्या भिंतींवर, घाटातल्या दरडींवर उगवतात. त्यांना बी लागत नाही, धुळीसारखे बीजाणू वाऱ्यावर उडतात आणि जरा ओल मिळाली की रुजतात. उत्तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी त्या थराच्या लगेच वर नेच्यांचेच बीजाणू ठासून भरलेले सापडतात. आणि गंमत म्हणजे खुद्द खड्ड्यातही असंच. २०१६ साली समुद्रात ड्रिलिंग करून चिक्षुलुबच्या खड्ड्यातून खडकाचे नमुने काढले, तर जिथे दगड पडला त्याच पाण्यात काही वर्षांतच बारीकसारीक जीव परत आलेले दिसले आणि ३० हजार वर्षांत तिथे चांगली भरलेली जीवसृष्टी होती.

पण जमिनीवर मोठे प्राणी परत कधी आले, कसे आले? हे बरीच वर्षं नीट कळत नव्हतं, कारण त्या पहिल्या दहा लाख वर्षांतले फॉसिल म्हणजे इकडे एक दात तिकडे जबड्याचा तुकडा. आता स्क्रीनवर दिसतायत त्या टेकड्या बघा, रखरखीत, मातकट. अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज शहराला लागून असलेल्या, नाव कोरल ब्लफ्स. टायलर लायसन हे डेन्व्हरच्या निसर्ग आणि विज्ञान म्युझियममधले संशोधक इथे फिरायचे, हाताला फार काही लागत नव्हतं. मग एक दिवस म्युझियमच्या ड्रॉवरमध्ये त्यांना इथलाच एक जुना नमुना दिसला, ओबडधोबड दगडाचा गोळा आणि त्यातून डोकावणारा जबडा. तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आपण हाडं शोधतोय, हाडं दिसणारच नाहीत, हाडं या गोळ्यांच्या आत आहेत! २०१६ मध्ये परत गेले, गोळा फोडला, आत सस्तन प्राण्याची कवटी. मग दुसरा, तिसरा, आणि काही मिनिटांतच अशा चार-पाच कवट्या. जिथे जगभर अख्खी कवटी मिळणं म्हणजे नवल, तिथे ही अशी रास. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता, कारण इतकी वर्षं लोक त्याच गोळ्यांवर पाय देऊन पुढे जात होते.

२०१९ ला त्यांच्या टीमने सगळं छापलं. कवट्या तर होत्याच, पण त्यांनी हजारो पानांचे ठसे आणि ३७ हजारांच्या आसपास परागकण पण मोजले, म्हणजे कोण जगत होतं आणि काय खात होतं हे दोन्ही शेजारी ठेवून बघता आलं. तर दगड पडल्यावर लगेच तिथे जे सस्तन प्राणी उरले त्यातला मोठ्यात मोठा अर्ध्या किलोचा, घुशीएवढा म्हणा. आजूबाजूला नेचे. मग ताडासारखी झाडं आली. एक लाख वर्षं झाली तोवर प्राणी मोठ्या बोक्याएवढे, सहा ते आठ किलोचे. तीन लाख वर्षांनी जंगलात वेगवेगळी झाडं दिसायला लागतात, त्यात अक्रोडाच्या कुळातली पण, आणि नेमकं त्याच वेळी कार्सिऑप्टिकस नावाचा प्राणी दिसतो, शेळीएवढा, वीस-पंचवीस किलोचा, आणि त्याचे दात कडक काहीतरी फोडून खाण्यासारखे. आणि सात लाख वर्षांनी? सात लाख वर्षांनी शेंगा येतात. चक्क शेंगा! तूर, वाल, पावटा, शेवटी आपली डाळ ज्या कुळातून येते त्या कुळाचे हे आजवर सापडलेल्यांपैकी अगदी जुने पुरावे. आणि शेंगांच्या बरोबरीने पन्नास किलोच्या आसपासचे प्राणी. अक्रोडात स्निग्ध, शेंगांत प्रोटीन, आणि अंगं वाढत गेली. डायनासोर गेले, जागा रिकामी झाली आणि आपले पूर्वज लगेच मोठे झाले असं जे सांगतात ना, ते मला पटत नाही. नुसती जागा रिकामी होऊन कोणाचं पोट भरत नाही. आधी झाडं परतली, मग प्राणी वाढले.

त्याच टीमला पानांच्या आकारावरून हेही कळलं की मधेमधे हवा अचानक गरम झाली होती, आणि त्यातला एक गरम काळ हा आपल्या दख्खनमुळे आला असावा असं त्यांना वाटतं. होय, आपल्या. त्या काळात इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता, दगड पडायच्या आधीपासून आणि नंतरही, लाखो वर्षं, थांबत थांबत. आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर तो काळा दगड पसरलाय, सह्याद्री त्याचाच, गडांचे तट त्याचेच. घाटात गाडी थांबवून कडा बघा, एकावर एक थर दिसतात आणि मधे कुठेतरी तांबडी पट्टी. ती पट्टी म्हणजे लाव्हा थांबला होता तेव्हा वरच्या दगडाची माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती माती भाजून गेला.

अशा थांबलेल्या काळात तळी साचायची, आणि तळी म्हटली की बेडूक आलेच. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच दोन लाव्हांच्या मधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले, रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. हो तेच ओवेन, ज्यांनी डायनासोर हा शब्द दिला. मुंबईचे हे थर दख्खनच्या शेवटाकडचे, डायनासोर गेल्यानंतरचे मानतात, म्हणजे आज जिथे टॉवर उभेत तिथे तेव्हा ज्वालामुखींच्या मधल्या तळ्यात बेडूक ओरडत होते. आणि २०१७ च्या एका डीएनए अभ्यासातून असं दिसलं की आज जगात बेडकांच्या दर दहा जाती घेतल्या तर जवळपास नऊ या त्या महाविनाशातून वाचलेल्या फक्त तीन घराण्यांच्या आहेत. पावसाळ्यात रात्री आवाज येतो ना, तो त्यांचाच गोतावळा.

पुढे पृथ्वी तापत गेली. कोलंबियातल्या सेरेहोन कोळसा खाणीत टायटॅनोबोआ सापडला, सुमारे तेरा मीटरचा साप, एसटीपेक्षा लांब आणि टनाहून जड. उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समेअर बेटावर मगरींचे भाऊबंद आणि टॅपिर (डुकरासारखा दिसणारा, आखूड सोंडेचा प्राणी) राहत होते, विचार करा, जिथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तर हवेत एवढा कार्बन गेला की तापमान ५ ते ८ अंशांनी चढलं, आणि अमेरिकेतल्या वायोमिंगमधले तेव्हाचे घोडे, जे मुळातच लहान कुत्र्याएवढे होते, ते आणखी तीस टक्क्यांनी लहान झाले.

आणि या सगळ्यात भारत म्हणजे एक बेट, समुद्रातून आशियाकडे सरकत निघालेलं. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत त्या काळातली वटवाघळं मिळाली, माकडांचे दूरचे नातेवाईक मिळाले, झाडाच्या डिंकात अडकलेले किडे मिळाले, आणि कॅम्बेथेरियम मिळाला, घोडा-गेंड्याच्या घराण्याच्या अगदी मुळाशी बसणारा प्राणी.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती ए. रंगा राव यांची गोष्ट. त्यांनी जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोटजवळ फॉसिल असलेले दगड गोळा केले आणि १९७१ मध्ये एका छोट्या प्राण्याला इंडोह्युस हे नाव दिलं. ते वारले, बरेचसे दगड न फोडताच राहिले. त्यांच्या पत्नीने ते दगड सांभाळले आणि पुढे हान्स थेविसन या संशोधकाच्या हवाली केले. प्रयोगशाळेत एक कवटी साफ करताना कानाचं हाड चुकून तुटलं, आणि आत दिसली ती जाड कड जी फक्त देवमाशांच्या कानात असते. हरणासारखे चार पाय, आकार आपल्या जंगलातल्या पिसोरीएवढा, हाडं मात्र पाणघोड्यासारखी जड, पाण्यात बुडून राहायला सोयीची. ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा देवमाशाचा नातलग, झऱ्याकाठी चरणारा आणि बहुतेक धोका दिसला की पाण्यात शिरणारा. कच्छमध्ये तर त्यापुढची पायरीही मिळते, आखूड पायांचे आणि समुद्रकाठच्या उथळ पाण्यात मासे धरणारे देवमासे.

मग ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी हवा गार पडली, अंटार्क्टिकावर बर्फ साचायला लागला, जगभर पाऊस कमी झाला, जंगलं मागे हटली. आणि मोकळ्या जागेत आलं गवत.

हे गवत नवीन नव्हतं बरं का. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून गाव आहे, तिथे डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते. २००५ साली त्यात गवताच्या पात्यातले सिलिकाचे (वाळूत असतं तेच) बारीक कण सापडले, म्हणजे डायनासोर गवत खात होते, पण तेव्हा ते कुठेतरी कोपऱ्यात, झाडांच्या सावलीत. ते वाचलं, कोट्यवधी वर्षं गपचूप थांबलं, आणि हवा कोरडी झाल्यावर मैदानंच्या मैदानं झाकून टाकली. घोड्यांचे दात उंच झाले, कारण गवतातल्या त्याच सिलिकाने दात झिजतात. ७०-८० लाख वर्षांपूर्वी उन्हात तग धरणारी गवतं पसरली, ज्या गटात आज ज्वारी येते, बाजरी येते. पिसदुऱ्याच्या आसपासच्या शिवारात तुम्ही जानेवारीत गेलात तर काळ्या जमिनीत ज्वारीची कणसं डुलताना दिसतील, आणि ती काळी जमीन म्हणजे त्याच लाव्हाची माती.