टाइल्स नंतर, खसरा आधी

(दृश्य : रविवार सकाळ, बेसा रोड. दुतर्फा प्लॉट आणि फ्लॅटचे फलक.)

मनीषनगर, बेलतरोडी, बेसा, हुडकेश्वर. पहिलं घर शोधायला निघालेल्या बऱ्याच नागपूरकरांची गाडी याच बाजूला वळते. सॅम्पल फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन दाखवतात, गॅलरी दाखवतात, चहाही पाजतात. जमिनीचे कागद मात्र मागितल्याशिवाय टेबलावर येत नाहीत. तेव्हा ते आधी मागायचे.

नागपुरात यावर जरा जास्तच जोर द्यावा लागतो. शहराच्या कडेची शेतं गेली, खसरे, म्हणजे शेताचे सर्व्हे नंबर, तोडून प्लॉट पडले, ते विकले गेले आणि मंजुरी मागून येईल म्हणत लोकांनी घरंही बांधली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने असे प्लॉट विकास शुल्क भरून नियमित करायची सोय झाली. नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, त्यासाठी जे नियमितीकरण पत्र देते, ते इथल्या बोलण्यातलं 'आरएल'. ते ज्या त्या प्लॉटचं वेगळं असतं. शेजाऱ्याचं दाखवून भागत नाही.

"आरएल येऊनच राहिलं ना भाऊ, तुम्ही बयाणा तर द्या!" असं कोणी म्हणालं, तर बयाणा, म्हणजे विसार, खिशातच राहू द्या. आरएलविना बांधकामाचा नकाशा अडतो, कर्ज द्यायला बँकाही सहसा तयार होत नाहीत. विकास आराखड्यात त्या जागेवर मैदान किंवा रस्त्याचं आरक्षण आहे का, हेही बघा. सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या जुन्या नोंदी तपासलेला अहवाल, स्वतःच्या वकिलाकडून काढा, बिल्डरच्या नको.

(दृश्य : अर्धवट इमारत, बाहेर महारेराचा क्यूआर कोड.)

महारेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. हा कोड स्कॅन करा. ताबा कधीचा कबूल केलाय, मंजूर मजले किती, सगळं त्यात दिसतं. रेरा कायद्याप्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. दर कार्पेट एरियावर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर, मोजा.

पैशांचं थोडक्यात. फ्लॅटच्या किमतीवर मुद्रांक शुल्क येतं, एक टक्का नोंदणी फी येते, ती जास्तीत जास्त ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतला तर नाही.

(दृश्य : अंबाझरी तलाव, सांडव्यावरून वाहणारं पाणी.)

कागद चोख असूनही एक गोष्ट त्यात नसते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं. या काही कालच्या वस्त्या नव्हेत, चांगल्या जुन्या आणि महागड्या. म्हणून उन्हाळ्यात पसंत केलेली जागा जुलैतल्या मोठ्या पावसात पुन्हा बघून या. नाला किती दूर आहे ते पायी चालून पाहा. पाणी कुठवर चढतं, ते कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. आणि पार्किंग तळघरात असेल, तर पंप चालू करून दाखवायला सांगा.