नव्वदच्या कॅसेटची एक बाजू

[दृश्य : शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. लेथवर फिरणारा जॉब, टूलखाली सुटणारा लोखंडाचा कीस.]

उद्यमनगरात लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला गाण्याची तबकडी कशी बनते हे वेगळं समजावून सांगायला नको. तेही लेथचंच काम. लोखंडाच्या जागी लॅकरचा थर दिलेली ॲल्युमिनियमची चकती, टूलच्या जागी बारीक कटर. कडेपासून मध्यापर्यंत एकच सलग खाच पडत जाते. गाण्याबरोबर कटर हलतो आणि खाच नागमोडी होते. बास म्हणजे खालचा घुमणारा सूर आला, ड्रम आला, की कटर जास्त हलतो आणि खाचेला जागा जास्त लागते. तबकडी मात्र बारा इंचांचीच. तिच्यावर गाणी दाटीवाटीनं भरायची तर खाचा एकमेकींना चिकटवून घ्याव्या लागतात, आवाज खाली आणावा लागतो, आणि त्यात सगळ्यात आधी मरतो तो बास.

१९८२ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसमध्ये मायकेल जॅक्सन रडला तो या कारणानं.

[दृश्य : फिरणारी तबकडी, सुई जवळून.]

अल्बमचं नाव ‘थ्रिलर’. वेस्टलेक स्टुडिओत एप्रिलपासून काम चालू होतं. निर्माता क्विन्सी जोन्स, ध्वनिमुद्रणाला ब्रूस स्वीडियन, आणि तीन गाणी लिहून देणारा इंग्लंडचा रॉड टेंपरटन. आधीचा अल्बम ‘ऑफ द वॉल’ १९७९ मध्ये तुफान खपला होता, पण संगीताचं ग्रॅमी पारितोषिक मिळालं एकच. ते जॅक्सनच्या मनाला लागलं होतं. या वेळी एकही गाणं भरतीचं नको, अशी त्याची जिद्द होती.

आणि सगळं संपलं म्हणून मंडळी ऐकायला बसली, तर आवाज पार बसलेला. एकेका बाजूला पंचवीस मिनिटांच्या आसपास गाणी भरली होती. रेकॉर्ड कंपनी डोक्यावर बसलेली, तारीख ठरलेली. तरी त्यांनी अल्बम परत उघडला. टेंपरटनच्या ‘द लेडी इन माय लाइफ’मधलं एक कडवं उडवलं, बाकीचीही छाटली आणि रोज एक गाणं या हिशेबानं सगळ्यांचं मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या आवाजांची मिसळण, नव्यानं केलं. ‘बिली जीन’ची सुरुवात फार लांबली आहे, असं जोन्स यांचं म्हणणं होतं. जॅक्सन ऐकेना. ते ऐकलं की मला नाचावंसं वाटतं, एवढंच त्याचं उत्तर. सुरुवात राहिली. आज त्या गाण्याचं पहिलं अर्धं मिनिट ऐकताना कोण बरोबर होतं, हे सांगावं लागत नाही.

त्या सुरुवातीत आहे काय? मुख्यतः ड्रम आणि बास. ड्रमसाठी स्वीडियननं लाकडी प्लॅटफॉर्म बनवून घेतला होता आणि मोठ्या ड्रमला खास खोळ शिवून घेतली होती. या एका गाण्याची त्यानं एक्क्याण्णव मिक्सिंग केली आणि शेवटी अल्बमवर गेलं ते दुसरं, असं तो सांगायचा. आपल्याकडं लग्नाचे फोटो निवडताना होतं तेच.

हाती उरली नऊ गाणी, बेचाळीस मिनिटं.

[दृश्य : देवल क्लबचा परिसर. अल्लादिया खाँसाहेबांचा पुतळा.]

तबकडीच्या मापात गाणं बसवण्याची ही झटापट कोल्हापूरला नवी नव्हती. शाहू महाराजांच्या दरबारात गाणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांनी आपली ध्वनिमुद्रिका निघूच दिली नाही. तेव्हाच्या तबकडीच्या साडेतीन मिनिटांत राग कुठं मांडायचा? त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांनी मात्र त्या साडेतीन मिनिटांत भैरवी अशी बांधली, की १९७७ साली व्हॉयेजर यानातून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर ती आहे. कापून उरलेलं गाणं तोकडं असतंच असं नाही. अर्थात खाँसाहेबांना हे पटलं नसतं.

[दृश्य : जुनी वृत्तपत्रं, टीव्हीचा पडदा.]

‘थ्रिलर’ ३० नोव्हेंबर १९८२ ला बाजारात आला. त्याआधी ऑक्टोबरात पॉल मॅकार्टनीबरोबरचं एक गुळगुळीत द्वंद्वगीत सोडलं होतं, ते ऐकून अनेकांनी नाकं मुरडली होती. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन मासिकानं परीक्षणात पाचपैकी चार तारे दिले, म्हणजे चांगलंच म्हटलं, पण पुढं काय होणार याचा अंदाज तिथं कुणालाच नव्हता. जानेवारीत ‘बिली जीन’ सुटलं, फेब्रुवारीत ‘बीट इट’. त्यातला गिटारचा तुकडा एडी व्हॅन हेलननं एक पैसा न घेता वाजवून दिला होता. फेब्रुवारी संपता संपता अल्बम ‘बिलबोर्ड’ मासिकाच्या खपाच्या यादीत पहिला आला, आणि मधूनमधून खाली-वर होत एकूण सदतीस आठवडे पहिला राहिला. फेब्रुवारी १९८४ मध्ये एका रात्रीत जॅक्सनला आठ ग्रॅमी मिळाली.

पण दिवस बदलले ते पडद्यामुळं. एमटीव्ही या गाण्यांच्या व्हिडिओंच्या वाहिनीवर तोवर कृष्णवर्णीय गायक अभावानंच दिसत. ‘बिली जीन’नं ते दार ढकललं. मे १९८३ मध्ये अमेरिकेतल्या घराघरांत जॅक्सन टीव्हीवर मागं सरकत चालताना दिसला, तोच मूनवॉक. डिसेंबरात ‘थ्रिलर’चा चौदा मिनिटांचा व्हिडिओ आला, दिग्दर्शक जॉन लँडिस, लाल जाकीट, कबरीतून उठून ओळीत नाचणारी भुतं. त्याच्या चित्रीकरणाची व्हीएचएस कॅसेट तर वेगळी विकली गेली.

[दृश्य : महाद्वार रोड. दुकानांच्या पाट्या, गर्दी.]

कोल्हापुरात परीक्षणं कुणी वाचली नाहीत. इथं अल्बम आधी दिसला, मग ऐकू आला. व्हिडिओ सेंटरवरून व्हीसीआर भाड्यानं आणायचा, वाड्याच्या सोप्यात सतरंजी अंथरायची, दोन हिंदी पिक्चर आणि मध्ये हा. आज्जी भुतं बघून उठून जायची, पोरं कॅसेट मागं घेऊन पाय बघायची.

ऐकण्यासाठी मूळ कॅसेट घेणारे थोडे. ‘कॅसेट भरून मिळेल’ अशी पाटी असलेल्या दुकानात कोरी नव्वदची द्यायची आणि दोन दिवसांनी न्यायची. आता हिशेब बघा. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. ज्या अल्बमला बेचाळीस मिनिटांवर आणायला तिकडं रडारड झाली, तो इथं एका बाजूत अख्खा बसायचा, वर तीन मिनिटं शिल्लक. दुसऱ्या बाजूला हिंदी गाणी.

बासची काय गत झाली ते मात्र विचारू नका. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक. दर भरणीला मागची सूंऽऽ वाढत जाते, हेडवर मळ असला की वरचे आवाजही दबतात. स्वीडियननं ज्या आवाजासाठी लाकूडकाम करून घेतलं, तो इथं चार इंची स्पीकरमधून भिंतीपलीकडं कुणी पाटावरवंटा वाटल्यासारखा यायचा. तरी पाय थांबत नव्हते. आमच्या मते या अल्बमची खरी परीक्षा अशी गावोगावच्या टेपवर झाली. आवाजाची सगळी श्रीमंती उतरवून घेतल्यावरही जो ठेका उरतो, तो मुळातच पक्का असतो.

[दृश्य : कॉलेजचा रंगमंच, रिकामा.]

गॅदरिंगला मग मायकेल जॅक्सन आलाच. लाल रेक्झिनचं जाकीट शिंप्याकडून, एका हाताला पांढरा मोजा, कारण हातमोजा कुठला आणणार. मूनवॉकचा सराव घरातल्या शहाबादी फरशीवर, पायमोजे घालून. रबरी तळव्याचे बूट अडतात, मोजा सरकतो, हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. शब्द कळत नव्हते म्हणून अडलं नाही. दाद ठरलेली, लै भारी.

१ नोव्हेंबर १९९६ ला तो खुद्द महाराष्ट्रात आला. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात, शिव उद्योग सेनेच्या कार्यक्रमासाठी. दौरा नंतरच्या वेगळ्या अल्बमचा, तरी ‘बिली जीन’ आणि ‘थ्रिलर’ झालीच. युती सरकारनं करमणूक कर माफ केला, त्यावर ग्राहक पंचायत कोर्टात गेली, आणि ती फाइल मंत्रिमंडळानं २०२१ मध्ये मार्गी लावली. तोवर गायकाला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

[दृश्य : कॅसेटींचा खोका, वर हातानं लिहिलेली नावं.]

त्याच २०२१ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं ‘थ्रिलर’ला चौतीस पट प्लॅटिनमचा दाखला दिला, म्हणजे एकट्या त्या देशात तीन कोटी चाळीस लाख प्रतींच्या बरोबरीचा खप. कोल्हापुरात भरून घेतलेल्या कॅसेटी कुठल्याच देशाच्या हिशेबात नाहीत, आणि भरून देणाऱ्यानं पावती कधी दिली नव्हती.