गप्प बसलेली मांजर आणि गॅसचा आकडा

मांजर घेऊन येणारी मंडळी हल्ली चांगली तयारी करून येतात. (त्यांना 'मालक' म्हणायचं मी सोडून दिलंय, मांजरांना ते पटत नाही.) नसबंदीच्या दिवशी टेबलापाशी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डॉक्टर, सकाळी ती शांत करणारी गॅबापेन्टिनची गोळी दिलीय, बघा कशी गप्प बसलीय. आता भुलेचा गॅस कमी लागेल ना?" त्या शेवटच्या 'ना'चं माझं उत्तर 'नाही' असं असतं. ते ऐकून चेहरे पडतात, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

गॅस कमी की जास्त, हे मोजायची एक रीत आहे. १९६३ साली मर्केल आणि एगर या दोन संशोधकांनी कुत्र्यांवर काम करून तिचा पाया घातला. मांजरात ती अशी वापरतात: वायूचं एक प्रमाण ठरवायचं, ते शरीरात मुरेपर्यंत थांबायचं आणि मग शेपटीला चिमटा लावायचा. मांजर हललं तर प्रमाण थोडं वाढवायचं, नाही हललं तर थोडं उतरवायचं. ज्या प्रमाणाला निम्मी मांजरं हलत नाहीत, त्याला आम्ही 'मॅक' म्हणतो. हे प्रमाण फुफ्फुसातल्या हवेतलं असतं. वायू सोडणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे व्हेपोरायझरच्या, चकतीवरचा आकडा वेगळा, हे शिकाऊ डॉक्टरांनी लिहून ठेवावं. आणि निम्मी मांजरं हलतच असतात, म्हणून शस्त्रक्रियेला याच्या सव्वापट तरी वायू द्यावा लागतो.

आयसोफ्लुरेन या भुलेच्या वायूचा हा आकडा माणसात साधारण १.२ टक्के, कुत्र्यात १.३ आणि मांजरात १.६च्या आसपास. चार किलोचा जीव, पण प्रमाण आपल्यापेक्षा जास्त!

आता मुद्द्याची गोष्ट. चिमट्याला मांजर हलतं की नाही, हे ठरतं कुठे? आम्ही शिकत होतो तेव्हा उत्तर ठरलेलं होतं, मेंदूत. १९९३ मध्ये दोन प्रयोग झाले. एकात उंदरांच्या मेंदूचा पुढचा भाग काढून टाकला, तरी मॅक होता तिथेच राहिला. दुसऱ्यात शेळ्यांचं रक्ताभिसरण असं वेगळं केलं, की वायू फक्त डोक्याला पोचावा. तेव्हा त्यांना स्थिर ठेवायला दुपटीहून जास्त वायू लागला. म्हणजे हालचाल थांबते ती मुख्यतः मज्जारज्जूत. शुद्ध हरपते मेंदूत, शरीर निश्चल होतं पाठीच्या कण्यात. एकाच वायूची ही दोन कामं.

गप्प बसलेल्या मांजरीचा उलगडा इथे होतो. गॅबापेन्टिननं तिची भीती उतरते; चिमट्याला न हलणं ही वेगळी गोष्ट. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी ते मांजरांना शिरेतून देऊन पाहिलं, आणि आयसोफ्लुरेनच्या गरजेत फरक पडला नाही. म्हणून गोळी वाया गेली असं मात्र समजू नका. दवाखान्यात यायच्या दीडेक तास आधी दिलेली ती गोळी प्रवासातला ताण कमी करते, हे तपासून पाहिलेलं आहे. बोचकारणारी, धापा टाकणारी, हृदय धडधडणारी मांजर भूल द्यायला फार वाईट. गोळीचा फायदा तिथे आहे, गॅसच्या हिशोबात नाही.

मग गॅस कमी होतो कशानं? कुत्र्यांवर शिकलेला माणूस लगेच फेंटानिलचं, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकाचं, नाव घेईल. कुत्र्यांत या जातीची औषधं गॅस निम्म्याच्याही खाली आणतात. मांजरात ती तेवढी चालत नाहीत. याच जातीच्या ब्युटॉर्फेनॉलनं पाचवा हिस्सा सुटला तर सुटला. याच जातीच्या रेमिफेंटानिलवर दोन गटांनी काम केलं: एकाला काहीच फरक दिसला नाही, दुसऱ्याला पाव हिस्सा घट दिसली. तरीही वेदनेसाठी ही औषधं द्यायचीच. गॅस वाचत नाही म्हणून वेदनाशामक टाळणारा डॉक्टर मला शत्रूलाही मिळू नये.

खरी मोठी घट होते डेक्समेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधानं. रक्तातली पातळी चढवत नेली, तर आयसोफ्लुरेनची गरज ऐंशी टक्क्यांहून जास्त उतरते. आकडा ऐकून तरुण डॉक्टरांचे डोळे चमकतात. पण गॅस कमी करायची धडपड कशासाठी असते? तो रक्तदाब पाडतो, हृदयाला मंदावतो, म्हणून. आणि डेक्समेडेटोमिडीन स्वतः काय करतं? रक्तवाहिन्या आवळतं, ठोके कमी करतं, आणि हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं ते बरंच घटवतं. पडद्यावर दाब झकास दिसतो, कारण नळी आवळलेली आहे. पाणी मात्र कमीच वाहतंय.

जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनची कथा तर याहून बोलकी. शिरेतून दिलं, की मांजरात गॅस कमी लागतो. पण तेवढ्याच खोलीच्या भुलेला नुसत्या आयसोफ्लुरेनपेक्षा गॅस आणि लिडोकेन मिळून हृदयाला जास्त दाबतात. म्हणून मांजरात ते शिरेतून सतत चालू ठेवायचं नाही. घशात फवारा मारायला किंवा जागा बधिर करायला बेतानं वापरा. शस्त्रक्रियेच्या जागेची नसच बधिर केली, तर भुलेच्या वायूवरचा भारही हलका होतो.

एक गोष्ट विसरली जाते: तापमान. पोटावरचे केस काढलेले, स्पिरिट फिरवलेलं, वर एसी. मांजर थंड पडत जातं तशी त्याची गॅसची गरजही उतरत जाते. चकती मात्र कुणी हलवत नाही, आणि सुरुवातीला बरोबर असलेलं प्रमाण तासाभरात जास्त होऊन बसतं.

ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झालेल्या मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण मांजरात ०.२४ टक्के निघालं, कुत्र्यात ०.१७. मांजरांतले निम्म्याहून जास्त मृत्यू शस्त्रक्रिया आटोपल्यावर झाले होते, आणि त्यांतले बरेचसे पहिल्या तीन तासांत. गॅस तेव्हा बंद झालेला असतो, श्वासावाटे निघूनही जात असतो. गुंगीचं औषध अजून अंगात असतं. डेक्समेडेटोमिडीनवर उतारा आहे, अ‍ॅटिपामेझोल. एसप्रोमाझिन या दुसऱ्या गुंगीच्या औषधावर नाही. त्यामुळे मांजर शुद्धीवर येताना ऊबदार पांघरुणात असावं आणि त्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असावं. तुमचं मांजर दवाखान्यात सोडताना "गॅस किती दिला?" एवढंच विचारू नका. "श्वासाची ट्यूब काढल्यावर तिच्याजवळ कोण बसणार आहे?" हेही विचारा.