पहाटेचा तारा आणि सैतानाचं पतन

पहाटे पाच वाजता पूर्वेकडे पाहा. वर्षातले काही महिने तिथे शुक्राची चांदणी दिसते. उजाडायला लागल्यावर बाकीचे तारे फिके पडतात, तरी ही लखलखत असते. पण ती काळोख्या आकाशात कधीच डोक्यावर येत नाही. शुक्र सूर्यापासून फार तर 47 अंश दूर जातो. त्यामुळे चांदणी वर चढू लागली की मागोमाग सूर्य येतोच, आणि बघता बघता ती दिसेनाशी होते.

हिब्रू शास्त्रातल्या, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातल्या, एका कवितेत हेच दृश्य आहे. यशया संदेष्ट्याचं पुस्तक, अध्याय 14. ‘हे देदीप्यमान ताऱ्या, प्रभातपुत्रा, तू आकाशातून कसा पडलास!’ लूसिफर हे नाव जगाला या एका ओळीतून मिळालं.

ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. लूसिफर देवाचा सर्वांत देखणा दूत. त्याला गर्व झाला, त्याने बंड केलं, स्वर्गात युद्ध पेटलं आणि त्याला खाली फेकलं. संडे स्कूलमध्ये आम्हीही ती अशीच ऐकली. पुढे शास्त्र उघडून शोधायला बसलो, तेव्हा कळलं की ही गोष्ट एका जागी, सलग, कुठेच लिहिलेली नाही.

यशयाकडेच परत जाऊ. आठ वचनं मागे, चौथ्या वचनात, ही कविता कुणाला उद्देशून आहे ते स्पष्ट सांगितलंय: बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाला. तो मेलाय, आणि लबानोनातली (आजच्या लेबनॉनमधली) देवदारांची झाडं आनंदाने म्हणतात, ‘तू आडवा झालास, तेव्हापासून आम्हाला तोडायला कुणी वर आलं नाही.’ किती खरी ओळ आहे ही! बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने लबानोनातून देवदार तोडून नेल्याची बढाई तिथल्याच वादी ब्रिसा या दरीतल्या खडकावर कोरून ठेवलीय. ती अक्षरं आजही तिथे आहेत. जेरुसलेमचं मंदिर जाळणारा राजा हाच.

कवितेतला राजा म्हणतो, मी आकाशात चढेन, ताऱ्यांच्या वर माझं सिंहासन मांडेन, मी परात्परासारखा होईन. आणि उत्तर येतं: तुझ्याखाली अळ्यांचं अंथरूण, अंगावर किड्यांचं पांघरूण. त्याला पाहणारे विचारतात, ‘पृथ्वी थरथर कापवणारा माणूस तो हाच का?’ माणूस. मूळ शब्दही तोच आहे. शुक्राच्या चांदणीसारखा वर चढायला निघालेला आणि उजाडताच मिटून गेलेला एक माणूस.

मग यात सैतान आला कुठून? तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने ही कविता सैतानाबद्दल आहे असं मांडलं. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, 28व्या अध्यायात, एदेन बागेतला रत्नजडित करूब (एक प्रकारचा देवदूत) आहे. ते विलापगीतही शास्त्रात सोर (टायर) नगराच्या राजावर रचलेलं आहे, पण ओरिजेनने तेही याच सूत्रात ओवलं. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने यशयाचं लॅटिन भाषांतर केलं आणि ‘प्रभाततारा’ या अर्थाचा साधा लॅटिन शब्द घातला: लूसिफर, म्हणजे प्रकाश आणणारा. पुढे लोकांनी तो सैतानाचं नाव म्हणूनच वाचला. 16व्या शतकात धर्मसुधारक कॅल्व्हिनने या वाचनाला कडक विरोध केला, तोवर गोष्ट घराघरात पोचलेली होती.

तर मग शास्त्र सैतानाच्या पतनाबद्दल काहीच सांगत नाही का? सांगतं. आणि जे सांगतं ते मला या गोष्टीहून मोठं वाटतं.

ईयोबाच्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागते. तिथे देवाचा दरबार भरलाय आणि त्यात सैतान येतो. हिब्रूत हे नावही नाही, हुद्दा आहे: आरोप करणारा. तो बाहेर हाकललेला नाही. तो देवासमोर उभा राहून बोलतो, ईयोब तुझी भक्ती फुकट करतो का? जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायातही तो मुख्य याजक यहोशवाच्या उजव्या हाताला, दोष लावायला उभा आहे.

आता लूकचं शुभवर्तमान, अध्याय 10. येशूने पाठवलेले शिष्य गावोगाव फिरून हर्षाने परततात. तुझ्या नावाने भुतंही आमचं ऐकतात, म्हणतात. येशू म्हणतो, ‘सैतान विजेसारखा आकाशातून पडताना मी पाहिला.’ आणि लगेच सांगतो, भुतं ऐकतात म्हणून आनंद करू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत म्हणून करा.

मग बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, अध्याय 12. देवदूत मीखाएल आणि त्याचे दूत अजगराशी लढतात, आणि ‘तो जुनाट साप’ खाली टाकला जातो. एदेनातल्या सापाला इथे सैतान म्हटलंय. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात तो शब्द नाही. पण हे घडतं कधी? त्या दृष्टान्तात आधी मूल, म्हणजे ख्रिस्त, जन्मतं, ते देवाच्या सिंहासनापाशी नेलं जातं, आणि मग युद्ध येतं. पुढच्याच वचनात स्वर्गातून घोषणा होते: आमच्या बंधूंवर रात्रंदिवस आरोप करणारा खाली टाकला गेला. त्याला त्यांनी कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, रक्ताने जिंकलं.

ईयोबाच्या दरबारात उभा असलेला तोच हा, आरोप करणारा. त्याची तिथली जागा गेली. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आणि यहूदाच्या पत्रात पाप केलेल्या दूतांचा ओझरता उल्लेख आहे, पण सैतानाच्या पतनाचं चित्र जिथे उघड रंगवलंय, तिथे ते माणसांच्या सुटकेशी जोडलेलं आहे.

राहिला तो तारा. मराठी बायबलमध्ये यशयाच्या त्या ओळीत लूसिफर हा शब्द नाही, देदीप्यमान तारा आहे. लॅटिन बायबलमध्ये मात्र तोच शब्द पेत्राच्या दुसऱ्या पत्रातही येतो: तुमच्या अंतःकरणात प्रभाततारा उगवेपर्यंत. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात येशू स्वतःला म्हणतो, ‘मी पहाटेचा तेजस्वी तारा आहे.’ ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले दिवे मालवलेले असतात. एक उंच मेणबत्ती पेटते, आणि तिच्याजवळ उभं राहून लॅटिन स्तोत्र गायलं जातं. त्यात ख्रिस्ताला म्हटलंय: लूसिफर, कधीही न मावळणारा.